तयार हुंडा

कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात समाजशास्त्राचा प्रकल्प तयार मिळतो. विषय ‘हुंडा : एक सामाजिक समस्या’. अकरा वर्षं तोच चालू आहे. पोरं वरचं नाव बदलतात, भिमाजी सर न उघडता सही करतात आणि विसातले अठरा मार्क देतात. अक्षर चांगलं असलं तर एकोणीस. हुंड्यानं या गावात जेवढ्या जणांचं भलं केलं, तेवढं दुसरीकडं कुठं केलं नसेल.

बारावीतल्या राबियानं मात्र पुस्तकातला सर्वेक्षणाचा धडा वाचला होता. वाचला तो वाचला, वर खरा मानला.

तिनं महिला ग्रामसभा हा विषय घेतला. मागल्या सभेच्या रजिस्टरात एक्केचाळीस बायांच्या सह्या होत्या. प्रश्नावली घेऊन ती एक्केचाळीस घरं फिरली. पहिलाच प्रश्न होता, सभेत काय ठरलं? चाळीस जणींनी उलट विचारलं, “सभा कवा झाली?” शिपाई रजिस्टर घेऊन दारात येतो, बाया पीठ झटकून सही करतात, तो पुढच्या दारी जातो. वर्गातल्या मोनालीच्या आजीला तेवढा सभेतला चहा आठवत होता. तो हळदीकुंकवातला निघाला.

एक्केचाळिसावी सही सभेच्या अध्यक्षांची, म्हणजे सरपंच अनसाबाईंची. त्या गोठ्यात होत्या.

“मामी, सभेला तुम्ही व्हता का?”

“म्या कशी असंन? त्या दिवशी राहू गावाला व्हते, भाचीच्या बारशाला.”

“पण अध्यक्ष तुम्हीच हाय.”

“आगं, शिक्का यांच्या खिशात असतोय. शिक्का गेला का सभेला, ते इचार.” मग शेणाचा हात धुऊन त्या म्हणाल्या, “आन दे कागद. सभा झाली न्हाई असं लिव्ह. सही करते. कवा न्हाई ती वाचून करते.”

अनसाबाईंचे यजमान सावळाराम आप्पा कॉलेजच्या कमिटीवरही होते. त्यामुळं प्रकल्प दुसऱ्याच दिवशी सरांनी उघडला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

“राबिया, विषय बदल,” सर म्हणाले. “दुकानातनं हुंडा आण. अठरा देतो.”

“सर, आमच्यात हुंड्याचं काय चालतं ते मी घरी बघते. सर्वेक्षण ह्याचं केलंय.”

“सभा झाली नाही हे कशावरून? अध्यक्षांनी झाली म्हणून लिहून दिलं तर?”

“अध्यक्षांनी न झाल्याचं लिहून दिलंय, सर. पान सत्तावीस.”

सरांनी चष्मा काढला. पान सत्तावीस चष्म्याशिवाय बरं दिसतं असं त्यांना वाटलं असावं. “सात देईन,” ते म्हणाले. “काठावर पास. टक्के घसरले की पुण्याचं कॉलेज विसर.”

पुण्याचं कॉलेज राबियाच्या डोक्यात दहावीपासून होतं.

“सात द्या. पण शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहा. काय चुकलं ते.”

सर आठवडाभर कारण शोधत राहिले.

त्याच आठवड्यात पुढची महिला ग्रामसभा होती. शिपाई नेहमीप्रमाणं पहिल्या सहीला अनसाबाईंच्या दारी गेला. त्यांनी रजिस्टर काखेत मारलं, पदर खोचला आणि गल्लीतनं हाका मारत निघाल्या. “चला गं, सही करायला. आज तिकडं हाय.”

सभागृहाची किल्ली शेवटी आप्पांच्या घरीच सापडली. दार उघडलं तर आत आप्पांचा कांदा. बाया गोण्यांवर बसल्या. आप्पा दारात येऊन म्हणाले, “कांदा दबंल, उठा.”

“पयला ठराव,” अनसाबाई शिपायाला म्हणाल्या, “कांदा उद्यापातूर हलवा. लिव्ह. आन आप्पांच्या खिशातला शिक्का हिकडं घे.”

शिपाई बिचारा सरपंचाच्या नवऱ्याकडं बघू की सरपंचाकडं या पेचात सापडला. सगळ्यात मागच्या गोणीवर राबिया बसली होती. ती मुंडकी मोजत होती. त्रेपन्न भरली.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला बोलावलं. चेहरा हरखलेला होता. कारण सापडलं होतं.

“तुझा निष्कर्ष साफ चुकला. बायका सभेला येतात. काल गावानं पाहिलं.”

“लिहा की मग, सर.”

सरांनी लिहिलं : ‘महिला ग्रामसभा प्रत्यक्ष भरते व बायका ठराव करतात. निष्कर्ष चुकीचा. गुण ७.’ खाली सही.

राबियानं शेरा दोनदा वाचला. “सर, तारीख राहिली.”

सरांनी तारीखही घातली. ती फाईल घेऊन समोरच्या दुकानात गेली.

“हुंडा का?” दुकानदारानं न बघताच विचारलं.

“न्हाई. ह्या शेऱ्याच्या पानाच्या त्रेपन्न कॉप्या काढा.”