चुलीच्या देवाची बदली

"वर गेल्यावर आमच्याबद्दल गोड बोला हं," म्हणत गेक लियानआजींनी नारळाच्या गुळाचं बोट भिंतीवरच्या चित्रातल्या देवाच्या ओठांना फासलं. "सुनेची भांडणं काढू नका."

"भांडायला एक माणूस पुरतं होय?" सून हुई पिंग शेगडी पुसता पुसता म्हणाली.

आजींनी चित्र पेटवलं आणि धुरावर बसून चुलीचा देव वर्षाची हकीगत सांगायला स्वर्गात निघाला.

आजींच्या आजेसासऱ्यांनी त्याला चीनमधल्या खेड्यातून बोटीने पेनांगला आणलं होतं. तेव्हापासून बिचारा दर वर्षी वर एकच विनवणी करी, मला माझ्या गावी पाठवा. इथला उकाडा त्याला सोसत नव्हता. अंगणातल्या झाडाखालचा मूळचा मलय देव, डाटो, त्याला अजून 'पाहुणे' म्हणून हाक मारी.

यंदा वरचा कारकून मान वर न करता म्हणाला, "मंजूर. नव्या वर्षाच्या चौथीला सगळे आपापल्या चुलीवर परततात. तोवर गावी राहून बघ. आवडलं तर कायमचा राहा."

देव हरखून गेला. गावच्या चुलीवरच्या देवाने जागा दिली, पेज वाढली. दोन घास खाऊन याने पेनांगच्या सवयीने चाचरत विचारलं, "तोंडी लावायला कोळंबीचा ठेचा नाही का?"

"कुठले हो तुम्ही?"

"इथलाच."

"बोलण्यावरून वाटत नाही. असो, पाहुण्यांनी संकोच करू नये."

त्याला रडू आलं. देव असून रडतोस म्हणून स्वतःचा रागही आला.

चौथीला आजींनी नवं चित्र लावलं आणि कौलाच्या दोन लाकडी फाकी जमिनीवर टाकल्या. एक पालथी, एक उताणी पडली की देव आला. दोन्ही पालथ्या पडल्या. पुन्हा टाकल्या, पुन्हा तेच.

देव पेनांगला परतला होता, पण खिडकीबाहेर घुटमळत उभा होता.

"आत जा की, पाहुणे," डाटो झाडाखालून म्हणाला. "म्हातारी रडकुंडीला आलीय."

आत आजी मटकन खाली बसल्या होत्या. "कंटाळले असतील आपल्याला."

"आई, तुम्ही नेमकं विचारता काय?" हुई पिंग म्हणाली.

"आलात का, म्हणून."

"आले तर पाहुणेही येतात. घरी आलात का, असं विचारा."

आजींनी तसं विचारलं. फाकी जमिनीवर डुगडुगत राहिल्या. देव आत येऊन वाकला, आणि पालथी पडू पाहणारी एक फाक त्याने बोटाने हळूच उताणी केली.