ओलं लाकूड

"यात पोपटचं नाव नाही," फलकावरची बावन्न नावं दुसऱ्यांदा वाचून सीताराम वाघचौरे म्हणाले.

मुंढव्याचा तांबं गाळायचा कारखाना बंद पडून सत्तावीस वर्षं झाली होती. आता त्याचं संग्रहालय होत होतं. तिथल्या नम्रताला भट्टीची माहिती जुन्या कामगाराच्या आवाजात रेकॉर्ड करायची होती, म्हणून सीताराम कात्रजहून दोन बस बदलून आले होते.

"काका, नावं हजेरीपटावरून घेतलीत."

"तो ठेकेदाराचा माणूस. हजेरीपटावर कसा सापडेल?"

"एखादा कागद? फोटो?"

"भट्टीसमोर फोटो काढायला उसंत नव्हती, बाई."

नम्रता ओशाळली. "कागदाशिवाय संग्रहालयाची समिती ऐकणार नाही हो."

सीतारामांनी भट्टीच्या तोंडाशी हात ठेवला. इतकी वर्षं या धगीसाठी जीव तुटत होता. विटा मात्र कुठल्याही भिंतीसारख्या गार होत्या. एकोणीस वर्षं ते दोघं इथे उभे होते. पोपट लाकूड रेटायचा आणि सीताराम पळीभर तांबं काढून बघायचे. कारखाना बंद झाला, त्याच वर्षी पोपट गेला.

"लावा तुमचं मशीन," ते म्हणाले. "बोलतो."

तीन मिनिटं ते बोलले. स्वतःच्या कामाबद्दल अवाक्षर काढलं नाही. नम्रतानं मशीन बंद केलं, डोळे टिपले. "काका, आवाजाला समितीची परवानगी लागत नाही."

उद्घाटनानंतरच्या रविवारी सीताराम पोपटच्या बायकोला घेऊन आले. नवऱ्याचा डबा घेऊन कौशल्याबाई रोज फाटकापर्यंत यायच्या; आत पाऊल आज पहिल्यांदा पडत होतं. नम्रतानं त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला.

"...तांबं वितळलं की शेवटी त्यात ओलं लाकूड खुपसायचं. मग ते उसळतं, शुद्ध होतं. हे काम पोपट दामोदर मेश्राम यांचं. अंगावर ठिणग्या उडायच्या, पण गडी हलायचा नाही. मी ओरडायचो, रेट, पोप्या, रेट! पळीतलं तांबं वरून सपाट थिजलं, की समजायचं, घाणा जमला. तसं तांबं दुसऱ्या कुणाच्या हातून निघालेलं मी पाहिलं नाही."

कौशल्याबाई कितीतरी वेळ भट्टीकडे बघत राहिल्या.

"भावजी, हे परत लावता येतं का?"

"येतं की वहिनी."

मागे माणसांची रांग लागली होती. कुणीतरी घड्याळ बघितलं, कुणी खाकरलं. सीताराम त्यांच्याकडे तोंड करून वाटेत उभे राहिले आणि त्यांनी कुणालाही पुढे येऊ दिलं नाही.