तांब्याच्या गावात स्टीलचं ताट

वेरूळच्या कडूबाची उभी हयात जपानी पाहुण्यांना लेणी दाखवण्यात गेली. काम सोडल्यावर जुन्या पाहुण्या किमुराबाईंनी तिकिटं धाडली: दोघं या, आता माझं घर बघा.

किमुराबाईंचं गाव तांब्याच्या खाणीचं. खाण बंद पडली, गाव पांगलं. उरलं खाणमालकांचं लाकडी घर आणि त्यात सून म्हणून आलेल्या एकट्या किमुराबाई. गावानं हे घर जपावं, एवढंच त्यांचं मागणं. गावची समिती, म्हणजे कडूबाच्या भाषेत पंच, त्या दुपारी बघायला आले. ते नको म्हणाले तर घर पाडणार होते.

आत भरदुपारी अंधार. सोनेरी चित्रांना आच लागू नये म्हणून दिवा न लावण्याचा सासऱ्यांपासूनचा शिरस्ता. पंच आत गेले, धडपडले, बाहेर येऊन जोडे चढवू लागले. किमुराबाई वाकून आभार मानत होत्या, पण चेहरा पार उतरला होता.

कडूबाला राहवेना. अंधाऱ्या लेण्यात आरशानं ऊन टाकणं हा त्याचा हातखंडा. आरसा मात्र वेरूळला. ओसरीवर त्याची बायको द्वारकाबाई घरून आणलेल्या ताटात घरूनच आणलेल्या दशम्या खात होत्या. परक्या भांड्यावर त्यांचा भरवसा नव्हता.

"ताट दे."

"जेवतीय मी. दिसत नाय का?"

"बाईचं घर चाललंय."

"मग आधी सांगायचं नाय व्हय!" द्वारकाबाईंनी उरलेली दशमी मांडीवर घेतली, ताट धुऊन पदरानं लख्ख पुसलं.

कडूबानं अंगणात ताट तिरपं धरलं. कवडसा ओसरी ओलांडून आत शिरला आणि शेवटच्या दारांवरचे सोनेरी करकोचे एकदम उजळले. पंच एका पायात जोडा घेऊन थांबले. मुख्य पंच म्हणाले, "जरा मी धरू?" कडूबानं लगेच दिलं. पंचांचं मत वळवायचं तर त्यांच्या हातात काहीतरी द्यावं लागतं, हे तो वेरूळलाच शिकला होता.

घर वाचलं. किमुराबाईंनी ताट दोन्ही हातांनी कपाळाला लावलं आणि येणाऱ्यांना चित्रं दाखवायला ठेवूनच घेतलं. आता ते परत मागायचं कसं?

द्वारकाबाईंचा घोर वेगळाच होता. ताटावर नाव कोरलेलं: 'साळूबाईंकडून सप्रेम भेट'. साळूबाई म्हणजे त्यांची नणंद, आणि दिलेल्या वस्तूवर तिचा कायम डोळा.

वेरूळला परतल्यावर पुढच्याच पंगतीला तिनं विचारलंच, "वयनी, माझं ताट दिसत नाय?"

"जपानात नोकरीला लागलं."

"अगं बया! येणार कधी?"

"आता कशाचं येतंय? परमनंट झालं."