दुधातली पांढरी पूड

मित्रांनो, मी एक जुना पितळी खलबत्ता आहे, आणि माझ्या पोटात काय काय कुटले गेले हे ऐकाल तर तुमच्या पोटात गोळा येईल.

एका ओताऱ्याने मला वाळूच्या साच्यात ओतले आणि घासून चकचकीत केले. संसार मांडताना या घरच्या आईने टिचकी मारून, आवाज ऐकून मला निवडले. तेव्हापासून वेलदोडे, मिरी, सुंठ, सगळे माझ्याच वाट्याला. खलात कुटलेल्याची सर मिक्सरला येत नाही, असे ती चारचौघांत सांगायची आणि मी फुशारून जायचो. पुढे तिनेच मिक्सर आणला आणि मला वरच्या फळीवर बसवले. रागावून काय करणार? फळीवरून घर मात्र छान दिसायचे.

घरात आई, ताई आणि धाकटा. धाकटा चष्म्याच्या दुकानात भिंगे घासायचा. त्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मग हळूहळू तो बदलला. ताईने आधी घास खाल्ल्याशिवाय ताटाला हात लावेना. खोलीत कोणी नसताना कोणाला तरी उत्तरे देऊ लागला. घरचेच आपल्या अन्नात काहीतरी मिसळतात, असे त्याच्या मनाने घेतले. दमलाय, होईल ठीक, असे आई म्हणत राहिली. तेवढ्यात त्याचे कामही सुटले.

शेवटी ताईने त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेले. घरी आल्यावर ताईनेच आईला सांगितले, त्या त्याच्याशी निवांत बोलल्या. झोप, नशापाणी, डोक्याला लागलेला मार, सगळे विचारले, रक्त तपासले आणि मगच आजाराचे नाव घेतले, स्किझोफ्रेनिया. आवाज त्याला खरेच ऐकू येतात, तो सोंग करत नाही, असे त्यांनी ताईला बजावले. गोळ्या रोज घ्यायच्या होत्या. पण मला काही झालेले नाही, म्हणत धाकट्याने गोळी थुंकून टाकली.

त्या संध्याकाळी आईने मला खाली काढले. मला वाटले, चला, आपले दिवस पालटले. तिने माझ्यात गोळी टाकली आणि आवाज होऊ नये म्हणून बुडाखाली फडके घातले. इतक्या वर्षांत मला कोणी चोरासारखे वापरले नव्हते. ती पूड त्याच्या दुधात गेली. ताईला हे पटले नव्हते, पण भावाला उतार पडू लागला तशी तीही गप्प बसली. डॉक्टरीणबाईंनाही दोघींनी काही कळू दिले नाही.

उतार खरेच पडला. तो झोपू लागला, हसू लागला, पुन्हा दुकानात जाऊ लागला. एकदा ताईला म्हणाला, "उगाच संशय घ्यायचो गं तुमच्यावर." तिने मान वळवली. मला मात्र रोज वाटायचे, आज कळणार.

एके दिवशी दुकान लवकर बंद झाले. तो पाणी प्यायला आत आला. आईच्या हातात बत्ता, माझ्या पोटात पांढरी पूड, शेजारी दुधाचा पेला. बोटाने पूड टिपून त्याने पाहिली.

"म्हणजे मी बरोबर होतो," तो म्हणाला.

औषध आहे रे, विष नाही, असे आई रडत सांगत राहिली. पण तिच्यावर विश्वास तरी कसा ठेवावा? त्याने बत्ता उचलला. आई घाबरून मागे सरकली. मित्रांनो, त्याला कोणाला मारायचे नव्हते. पुन्हा कोणी कुटू नये म्हणून बत्ता घेऊन तो खोलीत गेला आणि त्याने आतून कडी लावली.

आता तो स्वतः विकत आणलेल्या बंद पाकिटातलेच खातो. औषध एकदम तुटल्याने आवाज परतले आहेत. ताईने अखेर डॉक्टरीणबाईंना खरे सांगितले. लपवाछपवी थांबवा, त्याची माफी मागा, असे त्या म्हणाल्या. महिन्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शनही असते, पण तेही त्याला विचारूनच. फारच बिघडले तर लगेच कळवा, असेही त्यांनी बजावले.

म्हणून ताई रोज त्याच्या दाराशी बसते. "गोळ्यांचं पाकीट फोडलेलं नाही," ती म्हणते. "तूच फोड. नको असेल तर नको म्हण, पण माझ्याशी बोल."

मित्रांनो, तुमच्या घरी असे कोणी आजारी पडले, तर मायेपोटीसुद्धा त्याला फसवू नका. त्याला विचारा. नाही म्हणाला तर थांबा, पुन्हा विचारा. गेलेला विश्वास माझ्यासारखा घासूनपुसून उजळत नाही.

ताई आत्ताही दाराला कान लावून बसली आहे. आत तो बोलतो आहे, पण तिच्याशी नाही.