विसापर्यंत

"आधी डोले मिट, बाय."

बकुळाबाईंनी मलमाची नळी हातात तशीच धरली. समोर नवसी खुपऱ्यांनी लाल झालेले डोळे घेऊन उकिडवी बसली होती. तिच्यामागे आणखी तिघीजणी. अंगणात वालाच्या शेंगा वाळत पडल्या होत्या आणि ऊन चांगलंच वर आलं होतं.

"नवसे, आज उशीर झालाय. मलम लावून घे, मग बघू."

"नाय. आधी डोले मिट. तुज्या देवाला सांग. मंग मलम. तसं केल्याबिगर गुन येत नाय."

आता हिच्यापुढे कोण डोकं आपटणार? बकुळाबाईंनी डोळे मिटले, मान खाली घातली आणि मनातल्या मनात आकडे मोजायला घेतले. एक, दोन, तीन. वीस झाल्यावर "आमेन" म्हणाल्या आणि नळीचं झाकण काढलं.

दीड वर्ष हे असंच चाललं होतं. प्रार्थनेच्या जागी वीस आकडे. विसाला काही शास्त्राधार नव्हता हो. दहा मोजले तर फार लवकर आटपल्यासारखं दिसे, आणि तिसापर्यंत जायचा कंटाळा येई.

बकुळाबाई शिरसाठ मूळच्या नगरकडच्या. अठ्ठेचाळीस साली नवऱ्याला अंबरनाथच्या कारखान्यात कारकुनी लागली आणि त्या शिवमंदिराकडच्या एका चाळीत येऊन राहिल्या. तेव्हा निर्वासितांचा कॅम्प नुकता वसत होता. त्याचं उल्हासनगर व्हायचं होतं. मिशनने त्यांना तिथे बायबलबाई म्हणून नेमलं. घरोघर जायचं, दुखणंखुपणं बघायचं, औषध द्यायचं आणि चार शब्द देवाचे सांगायचे, असं ते काम. बराकीतल्या सिंधी बायांना मराठी येत नव्हतं, बाईंना सिंधी येत नव्हतं. मग देवाचे शब्द राहिले बाजूला आणि बाई त्यांच्याबरोबर पापड लाटत बसायला लागल्या. पुढच्या वर्षी ही वाडी आली. बदलापूरला गाडीतून उतरायचं, चामटोली ओलांडायची आणि पुढे टेकडीला लागून आदिवासींच्या पंधरा झोपड्या. दर गुरुवारी. पाऊस असो, नवरा आजारी असो, गुरुवार चुकवायचा नाही. बावन्न साली नवरा गेला, तो सोमवारी. तरी त्या आठवड्याचा गुरुवार त्यांनी चुकवला नव्हता. माणसं नावं ठेवायची ती ठेवून गेली. "देवाने ज्या कामाला बोलावलं ते सोडून घरात रडत बसू का?" असं त्या तेव्हा म्हणायच्या, आणि त्यांना ते खरंच वाटायचं.

मिशनच्या वार्षिक अहवालात एक रकाना असे: या वर्षी किती जणांचा बाप्तिस्मा झाला? बाई दर वर्षी वाडीपुढे शून्य लिहीत. त्याचंही त्यांना कधी काही वाटलं नाही.

मग पंचावन्न साली, ऐन अश्विनात, चिमीला ताप आला. एकुलती एक पोर, सोळा वर्षांची. सुट्टीत आईबरोबर वाडीवर यायची, तिथल्या पोरींची डोकी विंचरायची. बुधवारी ताप भरला. गुरुवारी सकाळी चिमीच म्हणाली, "आई, तू जाऊन ये. नुसती कणकण आहे." बाई गेल्या. संध्याकाळी परतल्या तेव्हा पोर शुद्धीत नव्हती, आणि शनिवारी ती प्रभूच्या ठायी निजली. ख्रिस्ती मंडळीत असंच म्हणतात. बाईंनीही सगळ्यांना तसंच सांगितलं, आणि पुढच्या गुरुवारी औषधाची पेटी उचलून वाडीवर गेल्या. डोळे मिटले तर आत काहीच नव्हतं. राग नव्हता की रडू नव्हतं. मोकळ्या डब्यात हात घालावा तसं झालं. समोर चार बाया वाट बघत होत्या, म्हणून त्यांनी आकडे मोजले.

आणि आता त्यांना ते सोसवेना. औषध द्यायला काही हरकत नव्हती. पण देवाच्या नावावर गरीब बायांना फसवायचं, यापेक्षा घरी बसलेलं बरं.

म्हणून मंगळवारी त्या चर्चच्या पाळकांकडे गेल्या. पाळक आण्णा पाटोळे म्हणजे भला माणूस. वाईट बातमी ऐकायची वेळ आली की चष्मा पुसायला घेणारा.

"सलाम, बकुळाबाई. बसा. चहा घेणार?"

"नको. मला काम सोडायचंय. कागद कसा लिहायचा ते सांगा."

आण्णांनी चष्मा काढला. "कारण काय लिहायचं?"

"प्रार्थना होत नाही, असं लिहायचं."

"अहो, असं कसं लिहिता येईल? समितीत वाचतील तो कागद. आपण प्रकृतीचं लिहू. गुडघे वगैरे."

"गुडघे ठणठणीत आहेत माझे. आजही चामटोलीपर्यंत चालत जाते."

आण्णांनी दुसरी काच पुसायला घेतली. "इतकी वर्षं तुमच्या रकान्यात शून्य होतं. तेव्हा नाही कधी म्हणालात, सोडते म्हणून."

"तेव्हा मी बोलत होते, आण्णा. पलीकडे कोणी ऐकतंय असं वाटायचं. आता मी आकडे मोजते आणि त्या बाया त्याला प्रार्थना समजून हात जोडतात. हे पाप नाही का?"

आण्णांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. एवढंच म्हणाले, "कागद तुम्हीच लिहा, बाई. माझ्याच्याने ते व्हायचं नाही. शुक्रवारी आणून द्या. पण गुरुवारी एकदा वाडीवर जाऊन त्यांना सांगून या. तेवढं त्यांचं देणं लागता तुम्ही."

बाईंनी घरी जाऊन कागद लिहिला. चिमीच्या चित्रकलेच्या वहीचा कोरा कागद होता, जाड. प्रार्थना होत नाही, सबब कामास पात्र नाही, असं दोन ओळींत लिहून सही केली आणि औषधाच्या पेटीत ठेवून दिला.

म्हणून आज, हा शेवटचा गुरुवार. मलम लावून झालं. तिघीजणी डोळे मिटून भिंतीला टेकल्या. नवसी शेंगा चाळवायला उठली, तेव्हा बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या.

"नवसे, मी आता यायची नाही."

"का? बदली झाली?"

"बदली नाही. मीच सोडतेय." बाईंनी एक शेंग उचलली, सोलली, आत किडका दाणा निघाला. "तुला खरं सांगते. चिमी गेल्यापासून मी डोळे मिटते, पण देवाशी काही बोलत नाही. बोलताच येत नाही. मी नुसते आकडे मोजते. विसापर्यंत. तुम्हाला फसवलं मी."

नवसीच्या हातातल्या शेंगा थांबल्या नाहीत.

"ठावं हाय," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"आदी तुजं व्हट हालायचं. आता हालत नाय. दोन दिवाल्या झाल्या. आमाला काय दिसत नाय?" मग स्वतःच्या चिकट डोळ्यांवरून मनगट फिरवून म्हणाली, "डोले बिघाडलेत, पन येवढं दिसतं."

"मग दर खेपेला डोळे मिट, डोळे मिट म्हणून माझ्यामागे का लागायचीस?"

आता मात्र नवसी थांबली. लुगड्याचा पदर उगाचच सारखा केला. साठीची बाई, पण लाजली.

"तू बगत असताना आमाला कसं जमंल? तुजा देव. तुज्या म्होरं त्याच्याशी आमी बोलाचं म्हंजे लाज वाटं. तू डोले मिटलेस की आमी बोलून घ्याचो."

"काय बोलायचात?"

"जास्ती काय येत नाय आमाला. चिमीला नीट ठेव म्हनतो. तिचं डोकं कोन तरी इंचर म्हनतो. आन बायला परत बोलू दे."

"मला कधी ऐकू आलं नाही."

"मनामंदी बोलतो. मनातलं बी त्याला ऐकू जातं, तूच सांगलंस ना? का तवा बी फसवत व्हतीस?"

खरं सांगायचं तर अशा वेळी माणसाला भरून यावं. बकुळाबाईंना तसलं काही झालं नाही. फक्त हातातली शेंग खाली ठेवायची राहून गेली. ज्या गुरुवारी बाई आजारी पोरीला सोडून इथे आल्या होत्या, तो गुरुवार या बायांना माहीत होता. आणि दीड वर्ष याच बाया बाईंच्या जागी बसून प्रार्थनेचं काम करत होत्या, एवढं बाईंना समजलं. समजलं तरी आतला डबा मोकळाच होता.

नवसी उठली. "जानार तर जा. पन जाताना आजचं सांगून जा त्याला. मगा तू घाई केलीस. माजं अर्दं राहिलं."

बाई पुन्हा पेटीजवळ येऊन बसल्या. भिंतीला टेकलेल्या बाया सरकून पुढे आल्या. बाईंनी डोळे मिटले. एक, दोन, तीन. विसापर्यंत गेल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, प्रार्थना चालू असताना त्यांनी डोळे हळूच किलकिले केले.

चौघी बसल्या होत्या. मलमाने बरबटलेल्या पापण्या घट्ट मिटलेल्या, वालाचं फोलपट लागलेले हात जोडलेले. नवसीचे ओठ हलत होते. बाकीच्या तिघींचेही.

बाईंनी घाईने डोळे मिटून घेतले. एखाद्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं झालं त्यांना. मग त्यांनी परत एकपासून सुरुवात केली. चौघींचं आटपायला हवं होतं, म्हणून या वेळी सावकाश.

"आमेन," नवसीच म्हणाली.

निघताना डोळे धुवायची बोरिक पावडर बांधून द्यायची राहिली होती. दर गुरुवारी बाई जुन्या अहवालाचे कागद घेऊन यायच्या पुड्या बांधायला. आज पुन्हा यायचंच नाही म्हणून आणले नव्हते. त्यांनी पेटी धुंडाळली. मग तळाचा तो जाड कागद काढला, मधोमध दुमडला, परत दुमडला, आणि घडीवर नख फिरवून नीट फाडला. चार चौकोन झाले. प्रत्येकात चमचाभर पावडर घातली आणि पुड्या बांधल्या.

"कोमट पाण्यात टाकायची," त्या म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारपर्यंत पुरेल."