साहेबाच्या दाराबाहेरचा डावा बूट

मित्रांनो, बुटांनी खरे तर जोडीने बोलावे. पण माझ्या जोडीदाराच्या वाट्याला सांगण्यासारखे काही आले नाही. तो बिचारा साधा उजवा बूट. जे घडले ते माझ्यावरून घडले, म्हणून मी, डाव्या पायाचा एक जुना काळा बूट, एकटाच तुमच्यापुढे आलो आहे.

माझा जन्म म्हापशाच्या बाजारात झाला. गोवा मुक्त होऊन तेव्हा वीस-पंचवीस वर्षे लोटली होती. बाबुराव चर्मकारांनी चामडे भिजवले, रापीने कापले, लाकडी फरम्यावर ताणून आरीने शिवले. उजवा बूट चटकन हातावेगळा झाला. माझ्या टाचेखाली मात्र ते चामड्याचा थर चढवत, पुन्हा उसवत, पुन्हा चढवत बसले. कारण ज्या पायात मला जायचे होते तो पाय आखूड होता.

तो पाय रघुनाथचा. रघुनाथ दोडामार्गाकडून डिचोलीच्या खाणीवर कामाला आलेला. एकदा ट्रकचा मागचा फाळका सुटला आणि त्याच्या पायावर आला. हाड जुळले, पण आखूड जुळले. खाणीवरचे काम सुटले. डॉक्टरांनी बजावले, "या पायावर दिवसभर उभा राहिलास तर पुढे पायच राहायचा नाही. बसून करायचे काम बघ." बसून करायचे काम रघुनाथला कोण देणार?

डिचोलीजवळच्या मये गावात सुमंगलाबाय नावाच्या एक कीर्तनकार राहत. आधी त्या शाळेत शिकवीत. त्यांच्या कीर्तनाचे काय सांगू! रघुनाथ कीर्तनाला गेला की मी देवळाच्या पायरीवर, वहाणांच्या गर्दीत. पण अभंगाला सूर लागला की माझ्या टाचेतले खिळेसुद्धा शांत होत. देव आतच असतो असे मला कधी वाटले नाही. त्यांचा आवाज पायरीपर्यंत येत होता, म्हणजे देवही येत असणार.

तर या सुमंगलाबाय देवळाच्या सभामंडपात दुपारी एक वर्ग घेत. ज्यांना कोणी दारात उभे करत नाही अशांचा वर्ग. नवऱ्याने टाकलेल्या बायका, अडखळत बोलणारे, तुरुंगातून सुटून आलेला गोकुळदास, आणि आमचा रघुनाथ. नोकरी मागायला जायचे कसे, बसायचे कसे, विचारले तेवढेच पण पूर्ण कसे बोलायचे, हे त्या शिकवीत. पेटीचा खोका म्हणजे साहेबाचे टेबल, मंडपाचा खांब म्हणजे दार.

डिचोलीजवळच्या एका कारखान्यात टेलिफोनच्या बोर्डवर माणूस हवा होता. खुर्चीत बसायचे, फोन घ्यायचा, जोडून द्यायचा. रघुनाथचा आवाज गोड. कीर्तनात तो मागे उभा राहून झांज धरी आणि धृपद उचली. सुमंगलाबायनी तिथल्या साहेबांना गळ घातली, आणि त्यांनी रघुनाथला भेटीला बोलावले. त्यासाठीच बायनी बाबुरावांकडून मला घडवून घेतले होते.

मला पहिल्यांदा पायात घालून रघुनाथ तळ्याच्या रस्त्याने चालला. आधी हळू, मग सरळ. अगदी सरळ! वाटेत त्याची बायको तारा भेटली. ती बघतच राहिली. "अरे, तू उंच कसो दिसतंस?" म्हणाली आणि पदराने डोळे पुसून हसली.

रघुनाथ देवळाच्या पायरीवर मला उतरवत होता तेव्हा गोकुळदास म्हणाला, "रघुनाथा, तुझ्या बुटाक बरो मान रे! आमका सोडले तेव्हा वहाण पण कोणी दिली नाय."

"तुझी पाळी येवंदे, तुका दोन देतलंय," रघुनाथ म्हणाला.

"दोन नको. एक पायात घाल, दुसरो साहेबाच्या..."

"गोकुळदास!" आतून बाय ओरडल्या, आणि सगळा वर्ग हसला.

रघुनाथची भीती मात्र जाईना. "बाय, सायबासमोर माझा तोंडच उघडणा नाय."

"कीर्तनात उघडते ना? मग झाले तर. पुता, साहेबाची खोली म्हणजे कीर्तनाची जागा समज. तिथे जसा मान ठेवून उभा राहतोस तसा राहा. देव बघून घेईल."

मित्रांनो, हे बोलणे किती मायेचे होते! आणि त्यानेच घात केला.

भेटीच्या दिवशी रघुनाथ मला घालून कारखान्याच्या फाटकातून ताठ आत गेला. शिपायाने खोली दाखवली. दाराशी रघुनाथ थांबला, वाकला, आणि त्याने आम्हा दोघांना काढून भिंतीशी नीट लावून ठेवले. कीर्तनाच्या जागी पायात काही घालून कोण जातो? मंडपातली सगळी तालीम त्याने अनवाणीच केली होती. बूट घालून आत जायचे असते हे सांगायचे कोणाला सुचलेच नव्हते.

मी दाराबाहेर. आतून त्याची पावले ऐकली. एक जड, एक हलके. एक जड, एक हलके.

"हे काय? अनवाणी?" साहेबांचा आवाज आला. कोणीतरी हसले. "आणि पायाला काय झालंय?"

"खाणीवर फाळका पडला, साहेब. पण काम बसून करायचे आहे. मला फोनवर..."

"बोर्ड पुढच्या दारातच आहे. येणारा जाणारा बघतो. लंगडा माणूस तिथे बरा दिसत नाही. या तुम्ही."

एवढीच ती भेट. त्याचा आवाज कसा आहे हे कोणी ऐकून घेतले नाही. रघुनाथ बाहेर आला, मला पायात चढवले, नाड्या बांधल्या आणि पायऱ्या उतरून चालू लागला. मी माझे काम केले. तो सरळ चालला.

साहेब व्हरांड्यात आले होते. "बघा, बघा! आत लंगडत होता, बाहेर ताठ चालला! दया मागायला सोंग घेऊन आला होता."

रघुनाथचे कान लाल झाले. तो मागे वळला. "नाय सायबानु! ह्या बुटाची टाच बघा, म्हणान सरळ चलतंय..." आणि टाच दाखवायला त्याने मला काढून हातात घेतले, वर धरले.

मित्रांनो, हातात वर धरलेल्या बुटाची टाच कोण बघतो?

"साहेबांवर बूट उगारतोस?" शिपाई धावला. त्याने रघुनाथला दंडाला धरून फाटकाबाहेर काढले. उजवा बूट रघुनाथच्या पायात, मी त्याच्या हातात. तसाच तो मयेपर्यंत चालत आला.

आमच्याआधी बातमी पोहोचली होती. पुढे सुमंगलाबाय त्या कारखान्यात गेल्या तेव्हा त्यांना फाटकावरच सांगितले, "तुमच्या वर्गातली माणसे आम्हाला नकोत." आणखी दोन ठिकाणी तेच ऐकायला मिळाले. गोकुळदासची पाळी आलीच नाही. तो कुठेतरी निघून गेला. वर्गाची माणसे एकेक करून गळली.

त्या दिवसापासून रघुनाथने मला पायात घातले नाही. "सोंग नको," म्हणाला, आणि आम्हा दोघांना बायच्या व्हरांड्यात ठेवून गेला. सुमंगलाबाय अजून कधीमधी मला खोबरेल लावतात आणि स्वतःशीच म्हणतात, "मीच त्याला सांगितले रे." पण चामडे चालण्यासाठी असते. नुसत्या तेलाने किती टिकणार? माझी कातडी आता तडकली आहे, टाचेचे थर सुटू लागले आहेत.

माझी एकच विनवणी ऐका. तुम्ही मोठे व्हाल, कोणी खुर्चीत बसाल, कोणी तुमच्या दाराशी काम मागायला येईल. त्याच्या पायांकडे बघण्याआधी त्याला बोलू द्या. आणि कोणाला काम मागायला पाठवाल तेव्हा दारातून आत जाण्यापासून सगळे शिकवा. माया तर हवीच, पण तेवढ्याने भागत नाही.

रघुनाथला शेवटी काम मिळाले. चिऱ्याच्या खाणीत. तिथे तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच पायावर उभा राहून चिरे उचलतो. खुर्चीत बसायला तो पाय चालला नव्हता, तिथे चालतो. तिथे त्याला कोणी काही विचारले नाही.