पितरांमधलं शेवटचं नाव

केसरच्या पाटीतला मासा तिच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. त्यामुळे दर भादव्यात, सर्वपित्रीच्या आधी, सगळ्यांत चांगली सुरमई गायब होते आणि त्याच दिवशी नवरा जाळ्याचं सूत आणायला मुरुडला जातो, याचा अर्थ तिनं केव्हाच लावला होता. सूत काय अलिबागेत मिळत नव्हतं? सासरा गेल्यापासूनचं हे खूळ. बापाचा धाक सरला आणि अंबाजीला पाय फुटले, दुसरं काय!

यंदा ती मागच्या एस्टीनं निघाली. मुरुडला दुसरं घर निघालं तर तडक माहेरी नागावला जायचं, पुन्हा थळचं तोंड बघायचं नाही, हे तिनं वाटेतच पक्कं केलं. स्टँडवर तिनं विचारलं, सुरमई घेऊन आलेला थळकर कुठं गेला?

"सकीनाबीकडं. पलीकडं मोहल्ल्यात."

बाईचं नाव ऐकलं आणि तिचं डोकंच फिरलं. तिनं जाऊन दार ढकललं.

आत पांढऱ्या ओढणीतली एक म्हातारी बसली होती, आणि तिच्यापुढं अंबाजी, शाळेतल्या पोरासारखा मांडी घालून. ती एकेक नाव सांगत होती, तो मागोमाग म्हणत होता. "शिवदास. तुकाराम. रंगू. कोकिळा. धर्माजी."

केसर चरकली. ही तर तिच्या सासरची मेलेली माणसं. पितरांचं पान ठेवताना अंबाजी हीच नावं पुटपुटायचा. परक्या बाईला ती कशी ठाऊक? हे चेटूक तर नव्हे?

"सोनू," म्हातारी शेवटी म्हणाली.

"ही सोनू कोण?" केसर उंबऱ्यातूनच कडाडली.

अंबाजी दचकून उठला. "हीच. माझी आत्या. हितं निकाह लावला, तवा आज्यानं जितेपणी तिचं दिवस घातलं. तवापास्नं पितरांत तिचं नाव घेतात."

"न् तुमी येता कशाला? नावं पाठ न्हायत?"

"पाठ हायत गं. पन काय निमित करून येऊ?"

केसरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग सासरच्या सगळ्या पिढ्यांचा संताप आला. "जित्या मानसाला मेलेल्यांत बसवता? यंदापास्नं ते नाव घ्यायचं न्हाय. मी सांगते!"

म्हातारीनं घाईनं तिचा हात धरला.

"नको गं, सूनबाय. त्या घरात माझं नाव वर्साचं तेवढं एकदाच निघतं."